बायजाचं कोपर

शेवटचं काम आम्ही दोघांनी मिळून केलं ते गोधडी पिळायचं.

सकाळची वेळ, विहिरीवर. ओली गोधडी म्हणजे मेलेली म्हैस, एकट्याच्यानं हलत नाही. एक टोक तिच्याकडं, एक माझ्याकडं. समोरासमोर उभं राहून दोघांनी आपापल्या उजवीकडं पीळ द्यायचा असतो. मी डावीकडं दिला. मग काय, गोधडी नुसती गरगर फिरली, पाण्याचा थेंब निघाला नाही.

ती म्हणाली, "आवो व्यायामवाले, सगळ्या तालुक्याचे हात सरळ केलेत, अन् तुमचा उजवा कंचा ते तुमाला अजून कळना?"

मी बाजू बदलली आणि जोर लावला. तिनं त्याहून जास्त लावला. मी पाऊलभर पुढं ओढला गेलो, पाय घसरला, विहिरीच्या कट्ट्यावर बसकण मारली. ती हसली. तोंडात दात मोजकेच राहिले होते, पण हसायची बत्तीस असल्यासारखी.

दुपारी जेवून पडवीत आडवी झाली ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी म्हटलं, असेल. दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं.

हा अंक काढणारे मास्तर मला म्हणाले, "धोंडूमामा, नोकरीवर लिहा. हसू येईल असं लिहा, रडकं बाकीच्यांनी भरपूर दिलंय." मी चौथी शिकलेला. शुद्धलेखन मास्तर बघणार आहेत. पण नोकरीवर लिहायचं तर बायजावर लिहावं लागतं, त्याला माझा इलाज नाही. तिचं नाव बायजा. होती तोवर चारचौघात नाव घ्यायला लाजत होतो. आता कुणाला लाजू?

तर नोकरी. चौक गावाहून कर्जतला जाणाऱ्या रस्त्यावर एका ट्रस्टचा दवाखाना होता. तिथं मी पाणी भरायचो. पुढं मुंबईहून सामंतबाई यायला लागल्या. त्या गोळी देत नसत, सुई देत नसत, व्यायाम देऊन दुखणं बरं करायच्या. फिजिओथेरपी. हा शब्द मला धड म्हणता येईपर्यंत नोकरी पक्कीसुद्धा झाली होती. बाई आठवड्यातून एकदा यायच्या. बाकीच्या दिवशी त्यांनी दिलेला व्यायाम लोक नीट करतात की नाही, हे बघायला मी. मला का घेतलं? तर बाईंचं मराठी आमच्या लोकांना कळत नव्हतं, आणि आमच्या लोकांचं बाईंना. मी मधला पूल.

आमच्याकडं सगळ्यात जास्त यायचं ते कोपराचं दुखणं. गवंडी, परीट, गवळी, घाटातले लॉरीवाले, सगळ्यांचं तेच. त्याचं नाव टेनिस एल्बो. बाई हे नाव सांगायच्या आणि माणूस घाबरायचा. एक गवळी तर गळ्याला हात लावून शपथ घ्यायला लागला, "देवाशप्पत बाय, मी असलं कायबी खेळलो नाय. पत्ते खेळतो, ते बी शिमग्याला." मी त्याला समजावलं, की बाबा, पोलिसात देत नाहीत, दुखण्याचं नावच तसं आहे.

माझ्या सगळ्या नोकरीत खरोखरचा टेनिस खेळणारा एकच आला. कर्जतला बंगला बांधलेले मुंबईचे शेट. पांढरी चड्डी, पांढरे बूट. मी धावत जाऊन वरांड्यातली सगळी रांग उठवून आणली. म्हटलं, चला रे, ज्याच्या नावाचं दुखणं तुम्ही इतके दिवस वापरताय, तो मालक आलाय. सगळे शेटच्या कोपराकडं टक लावून उभे राहिले. शेट गडबडले. म्हणाले, "माझा गुडघा दुखतोय."

आता ज्याला हे दुखणं झालं नाही त्याला सांगतो. हात पुढं करा, तळवा जमिनीकडं. कोपराच्या बाहेरच्या अंगाला हाडाचा उंचवटा लागेल. मनगट वर उचलणारे स्नायू तिथं खुंट्याला दावं बांधावं तसे बांधलेले आहेत. मूठ आवळली, कापड पिळलं, भांडं वरून धरून उचललं, की त्या खुंट्याला ओढ बसते. वर्षानुवर्षं ओढ बसली की खुंटा रुसतो. मग चहाचा कपसुद्धा उचलवत नाही. वर ताप नाही, सूज नाही, माणूस दिसायला धडधाकट. घरातले म्हणतात, ढोंग करतोय.

लोक आमच्याकडं यायच्या आधी दोनातलं एक करून आलेले असायचे. एक तर विळा तापवून कोपरावर डाग दिलेला, म्हणजे दुखण्यावर आणखी एक दुखणं. नाहीतर हात महिनोन्महिने गळ्यात बांधलेला. मी त्यांना म्हणायचो, बैल वर्षभर दावणीला बांधून ठेवलास तर तो नांगराला उभा राहील का? स्नायूचं तेच आहे. त्याला थोडं थोडं ओझं देऊन पुन्हा कामाला लावावं लागतं.

ते लावायची रीत अशी. टेबलावर कोपरापासून मनगटापर्यंत हात टेकायचा, पंजा कडेच्या बाहेर, तळवा खाली. मुठीत रेती भरलेल्या पिशवीचं तोंड. दुसऱ्या हातानं मदत करून पंजा वर न्यायचा. मग मदत काढायची आणि त्या दुखऱ्या हातानं एकट्यानं पिशवी खाली सोडायची, सावकाश. सगळं औषध त्या खाली सोडण्यात आहे. दुखतं. दुखणारच. फार दुखलं तर रेती कमी करायची, पण व्यायाम सोडायचा नाही.

पण सावकाश म्हणजे किती सावकाश? आमचे लोक पिशवी अशी सोडायचे जशी विहिरीत बादली. शेवटी मी युक्ती काढली. सोडताना स्टेशनांची नावं घ्यायची. कर्जत, भिवपुरी, नेरळ, वांगणी, बदलापूर. बदलापूर आलं की पंजा खाली. रोज सकाळी वरांड्यात सगळी रांग एका सुरात ओरडायची, आणि रस्त्यानं जाणाऱ्याला वाटायचं इथं तिकिटं मिळतात. एक परीट होता, तो कर्जत म्हटल्याबरोबर बदलापूर म्हणायचा.

"आरं, तुझी गाडी नेरळला थांबली का नाय?"

"मामा, आपली फास्ट हाय."

"फास्टवाल्याचं कोपर बरं होत नाय रं. तू मालगाडी हो."

तर आता बायजाचं कोपर.

चौकला हमरस्त्यावर दामूशेठचा ढाबा होता, तिथं बायजा भाकऱ्या करायची. तांदळाच्या. पिठाची उकड काढायची, ती चटके देत असतानाच तळव्यानं मळायची, आणि परातीत थापायची. घाट उतरून आलेले ड्रायव्हर हात धुवायच्या आधी विचारायचे, "बायजाबाय हाय ना आज?" नसली तर गाडी पुढच्या ढाब्यावर. घरात ती सून, गावात ती धोंडूची बायको. त्या चुलीपुढं मात्र ती बायजाबाय. आपल्या हाताचा तिला इतका माज होता, की देवळात हात जोडायची तेव्हा वाटायचं देवाला दाखवायला आणलेत.

नवरात्रात तिच्या हातातून तवा पडला. दुसऱ्या दिवशी परात. मी विचारलं तर म्हणाली, "परातच घसरती हाय." कपडे पिळताना ओठ चावायला लागली, तेव्हा मी ओळखलं. म्हटलं, चल दवाखान्यात.

"तुमच्या? रांगेत हुबी राहून कर्जत-भिवपुरी वरडू? त्या परटाच्या शेजारी? माजी शोभा करताव?"

दामूशेठ वाईट माणूस नव्हता, पण धंदेवाला. तो म्हणाला, "बायजाबाय, तुमी सोन्यावानी मानूस. पन माघात महडच्या गणपतीची जत्रा. ढाब्यावर मुंगी शिरत नाय त्या दिवशी. तवर हात चालला तर चुलीपुढची जागा तुमची. नायतर मला दुसरी बाय बसवाया लागंल. बसली की मंग तिला उठवता येनार नाय."

त्या दिवशी बायजा घरी आली आणि कोंबड्यांना शिव्या देत बसली. कोंबड्यांनी काही केलं नव्हतं.

शेवटी सामंतबाईच टांगा करून आमच्या घरी आल्या. बाईंनी तिला तळवा खाली ठेवून पाट उचलायला लावला. बायजानं उचलला, पण तोंडाचा रंग गेला. बाईंनी पिशवी दिली, व्यायाम दाखवला. म्हणाल्या, "रोज करायचा. एक दिवस चुकवायचा नाही. तीनेक महिने लागतील." बायजानं मान डोलावली. आमची आई दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिनंही मान डोलावली.

पुढं रोज मी घरी आलो की विचारायचो, "व्यायाम झाला?"

"झाला," बायजा म्हणायची.

"झाला रं, चांगला झाला," आई आतून म्हणायची.

दोघींपैकी कुणीही खोटं बोलत नव्हतं.

दिवाळी झाली. कोपर होतं तिथंच. मी बाईंना सांगितलं, बाई म्हणाल्या विचारून बघ, पिशवी हलकी पडत असेल. विचारलं तर दोघी म्हणाल्या, हो, हलकी पडतेय. रेती वाढवली. पुन्हा हलकी पडली. पुन्हा वाढवली. बाई बुचकळ्यात पडल्या. "धोंडू, एवढी रेती उचलतात आणि चहाचा कप उचलवत नाही? असं होत नसतं."

त्याच दिवसांत घरात दुसरी एक गंमत चालली होती. साठी ओलांडलेली आमची आई विहिरीचा हंडा एकटी ओढायला लागली. शेजारणीच्या लोणच्याच्या बरणीचं झाकण तिच्या दोन धडधाकट मुलांना निघेना, ते आईनं एका पिळात काढलं. आम्हाला वाटलं, यंदा म्हातारीला थंडी मानवली.

मार्गशीर्षात एक दिवस माझी सायकल पंक्चर झाली आणि मी अर्ध्या वाटेतून घरी परतलो. पडवीत बघतो तर आई. आंघोळ करून, ओले केस मोकळे सोडून, पूर्वेला तोंड करून पाटावर बसलेली. घडवंचीवर हात टेकलेला, मुठीत रेतीची पिशवी. पिशवीला झेंडूचं फूल खोवलेलं, शेजारी उदबत्ती. आणि पंजा खाली येतोय, इतका सावकाश, इतका सुरेख, की सामंतबाई तिथं असत्या तर तिला उचलून रांगेपुढं बसवली असती. फक्त स्टेशनं नव्हती. "महडचा गणपती… एकवीरा आई… जेजुरीचा खंडोबा… गावदेवी माऊली…"

"आये, काय करतेस गं?"

"गप. मधी बोलू नगं. गावदेवी राहील."

गावदेवीला पोचवून तिनं पिशवी खाली ठेवली, नमस्कार केला आणि मग माझ्याकडं बघितलं. "बायजाचा व्यायाम करते."

"बायजाचा व्यायाम बायजानं करायचा!"

"तिला कुटं येळ हाय? पाटं गोठा, मंग ढाबा, मंग सैपाक. मी बसूनच असते. म्हटलं, तू जा गं, तुज्या वाटचं मी करते."

"आये, असं चालत नाय!"

"का चालत नाय? ती तापानं पडली हुती तवा तिचे सोमवार मी धरले, ते चालले. तुला गोवर आला तवा तुजा नवस तुज्या बापसानं फेडला, तो चालला. मंग ह्येच का चालत नाय? अन् मी एक दिस चुकवला नाय. न्हाल्याबिगर पिशवीला शिवले नाय."

सामंतबाईंनी मला हातातली सगळी हाडं शिकवली होती, पण ह्याचं उत्तर शिकवलं नव्हतं. मी तिथंच जमिनीवर बसलो आणि मला हसू फुटलं. आईला राग आला. मग माझं हसणं बघून तिलाही फुटलं. दोघं हसत असताना बायजा गोठ्यातून आली. मी तिच्यावर ओरडलो.

ती उलट म्हणाली, "आत्याबायनी एवढ्या मनानं घेतलं, त्यांचं मन मोडू? अन् गुण तर आला की."

"कुठं आला?"

"त्यांना आला. त्यांचा खांदा दुखायचा, तो बंद झाला."

गुरुवारी बाई आल्या तेव्हा त्यांना सांगितलं. बाई चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसल्या. मग एकदम थांबल्या. "म्हणजे बायजाबाईंनी अजून एकदाही केलेला नाही. आणि जत्रा माघात." त्यांनी मला हुकूम केला, की आधी सगळ्या पेशंटांना विचार, घरी व्यायाम कोण करतं, माणसाचं नाव सांगा म्हणावं. विचारलं. खालापूरकडच्या एका पाटलांचा व्यायाम त्यांचा गडी करत होता. पाटील म्हणाले, "गडी माजा, पिशवी माजी, घर माजं. मंग गुण दुसरीकडं जाईलच कसा?" गुण गड्याला गेला. त्यानं चैत्रातल्या कुस्तीत दोघांना आडवं केलं.

पण बायजाचं काय? व्यायाम करायचा तर वेळ पाहिजे, आणि उकड मळणं थांबवायला पाहिजे. मळणं थांबवलं तर जागा गेली.

तोड आईनं काढली. म्हातारीच्या अंगात आता बळ होतं आणि ते वाया घालवणं तिला पटत नव्हतं. "तिचा व्यायाम मला करता येत नाय म्हंतोस? बरं. तिचं काम तर करता येतंय ना?"

दुसऱ्या दिवसापासून सासू-सून दोघी ढाब्यावर. आई उकड मळायची, बायजा हलक्या हातानं थापायची, आणि गिऱ्हाईक ओसरलं की बाकड्यावर हात टेकून व्यायाम करायची. दामूशेठनं कपाळाला हात लावला, पण आईपुढं बोलायची कुणाची टाप? तिनं पहिल्याच दिवशी एका ड्रायव्हरला भात टाकला म्हणून परत बसवून खायला लावला. तो मुकाट्यानं खाऊन, ताट धुऊन गेला.

बायजाचं आणि स्टेशनांचं काही जमेना. ती पिशवी धाडकन सोडायची. तेव्हा एक म्हातारा लॉरीवाला बाजेवरून म्हणाला, "बायजाबाय, तुमी घाट न्यूट्रलमधी उतरताव. असं नसतं. भरलेली गाडी गिअरमधी उतरवायची. इंजनानं धरलं पाहिजे." तिला ते एका झटक्यात कळलं. मला जे सांगता आलं नाही, ते त्यानं विडी ओढता ओढता सांगितलं. मग रोज ढाब्यावर तेच. ती पिशवी उतरवायची आणि बाजेवरचे ड्रायव्हर गाडी घाट उतरल्यासारखे तोंडानं घुर्र आवाज काढायचे. "वळण हाय बायजाबाय, दाबून!" "आता खोपोली दिसली, सोडा!" ज्या बाईला रांगेत उभं राहायची लाज वाटत होती, तिला आता सगळा हमरस्ता व्यायाम घालत होता.

सुरुवातीला दुखणं वाढलं. तसं होतं. तिनं मला, बाईंना आणि ज्यानं टेनिस काढलं त्याला शिव्या घातल्या. पौषात तिनं भरलेला तांब्या उचलला. उचलून ठेवला, पुन्हा उचलला.

माघी चतुर्थी आली. महडची जत्रा म्हणजे आमच्याकडं माणसांचा पूर. बैलगाड्या, लॉऱ्या, सायकली, डोक्यावर पोरं. मी रजा काढून ढाब्यावर पाणी भरायला गेलो होतो. सकाळपासून आई मळतेय, बायजा थापतेय, तव्यावरून भाकरी उतरतेय. दामूशेठ घामानं निथळत ओरडतोय. आणि ऐन दुपारी, बाहेर पंगत बसलेली असताना, बायजानं मागं न बघता हात पुढं केला, "आत्याबाय, गोळा." गोळा नाही. वळून बघतो तर आत्याबाय नाही.

मोरीत नाही, मागं नाही, बाजेवर नाही. पातेल्यात वाफाळती उकड तशीच पडलेली.

"म्हातारी गेली कुटं?" दामूशेठ. "बायजाबाय, पंगत बसलीय वो! आता काय करू मी?"

मी बाह्या सारल्या आणि परातीपुढं बसलो. बायजा म्हणाली, "उठा."

"तुझं कोपर—"

"उठा म्हन्ते ना. तुमी मळलेली उकड मी थापू? लोक मला हसतील."

मी उठलो. ती बसली. बाईंनी तिला सांगितलं होतं, की मळताना मनगटावर जोर नको, कोपर अंगाजवळ ठेव, खांद्यापासून अंगाचा भार येऊ दे. ती तशी बसली. पहिला दाब दिला. मी तिच्या तोंडाकडं बघत नव्हतो, मनगटाकडं बघत होतो. मनगट हललं नाही. दुसरा दाब दिला. उकड गुळगुळीत व्हायला लागली. तिनं गोळा तोडला, थापला, तव्यावर टाकला. भाकरी फुगली. टम्म, पोटुशी बाईसारखी. बाहेर कुणाला काही पत्ता नाही, त्यांना फक्त भाकरी पाहिजे होती. दामूशेठनं खांबाला धरून श्वास सोडला. बायजा म्हणाली, "बगत काय ऱ्हायलात दोघं? पाणी वाढा." मग तिनं पंगतीमागून पंगत उठवली.

ऊन कलल्यावर एक लॉरी येऊन उभी राहिली. केबिनमधून आई उतरली. कपाळाला गुलाल, हातात प्रसादाचा नारळ.

मी म्हटलं, "आये, हुतीस कुटं? हितं जीव चालला हुता आमचा!"

"महडला. नवस फेडाया."

"कंचा नवस?"

"बायजाच्या हाताचा. पिशवी देवाच्या पायाशी ठेवून आले."

"आगं, ती दवाखान्याची पिशवी!"

"मंग दवाखान्याला पुण्य लागंल."

"पण हात बरा झाला हे तुला कुणी सांगितलं?"

आई म्हणाली, "सकाळी तिनं माज्या हातातनं परात हिसकून घेतली. हिसकून! मला दोन पावलं वढत नेली. तवाच म्हटलं, हिला आता माजी गरज नाय. आधी देवाला सांगून यावं."

बायजा चुलीपुढून ओरडली, "आत्याबाय, सांगून तरी जायाचं!"

"सांगितलं असतं तर तू मळाया बसली असतीस का गं?"

बाकड्यावरचे ड्रायव्हर टाळ्या पिटत हसले. दामूशेठनं आईला स्वतःच्या खुर्चीत बसवलं.

मला वाटलं होतं आता तालुक्यात माझं नाव होईल. कसलं काय! चौकपासून खोपोलीपर्यंत बातमी एकच, म्हातारीचा नवस पावला. बायजा स्वतः तेच सांगायची. मी म्हणायचो, "अगं, व्यायाम कुणी दिला?" ती म्हणायची, "दिला तुमी. पन फळला आत्याबायना." पुढं आमचे पेशंट बरे झाले की पिशव्या परत देईनात, महडला वाहायच्या म्हणायचे. सामंतबाई दरवेळी नव्या पिशव्या शिवून आणायच्या आणि पिशवी देताना पहिला प्रश्न विचारायच्या, "करणार कोण? नाव सांगा."

सगळेच बरे झाले असं नाही. डाग दिलेल्या एका गवंड्याचा हात शेवटपर्यंत सुधारला नाही, तो पुढं देवळाबाहेर नारळ विकायचा. मला बघितलं की डाव्या हातानं सलाम करायचा. ते मला आवडायचं नाही. बाई थकल्या, यायच्या बंद झाल्या. नंतरच्या लोकांना सुई पाहिजे असायची, एका दिवसात गुण. तीन महिने रोज पिशवी उतरवायला सांगितलं तर म्हणायचे, मामा, तुम्ही जुन्या काळातले. मी निवृत्त झालो तेव्हा वरांड्यातली रांग जवळजवळ संपली होती. सकाळी तिथं कुणी ओरडत नव्हतं. मला ती शांतता सहन होत नसे.

बायजानं त्या चुलीपुढं पुढं पुष्कळ वर्षं काढली. आई गेली, दामूशेठ गेला, त्याचा मुलगा गल्ल्यावर बसला. बायजा थकली तेव्हा तिनं आपली जागा शेजारच्या सुमनला दिली. सुमन म्हणजे नवऱ्यानं टाकलेली, दोन पोरींची आई. बायजानं तिला शेजारी बसवून उकड शिकवली, आणि सुमनची भाकरी पहिल्यांदा फुगली तेव्हा सगळ्या आळीत सांगत फिरली.

बायजा गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरात चूल नव्हती. सुतकात शेजारपाजारचे जेवण आणून देतात. सुमननं पिठलं आणि भाकरी आणली. अंगणात आळीतल्या म्हाताऱ्या बसल्या होत्या. कुणी रडत होतं, कुणी सरणाला लाकडं कमी पडली असती तर काय, त्यावर बोलत होतं. मी ओट्यावर होतो. सुमननं ताट पुढं सरकवलं. डाव्या हातानं.

मी भाकरीकडं बघितलं. काठ फाटलेला. उकड पुरती मळली नाही की तांदळाच्या भाकरीचा काठ फाटतो. बायजाच्या हाताखाली शिकलेल्या बाईच्या भाकरीचा काठ फाटायचं काही कारण नव्हतं.

मी विचारलं, "सुमन, उजवं कोपर का?"

ती खाली बघायला लागली. "आज नगं, मामा. आजचा दिस असला."

"कधीपासून?"

"दसऱ्यापासून. मामीला सांगितलं नव्हतं. म्हटलं, तिचा जीव खाली-वर हुईल." मग हळूच म्हणाली, "दामूशेठच्या पोराला बोलू नका. तो दुसरी आनंल."

"बस हितं."

"आता?"

"आता."

अंगणातून एक म्हातारी ओरडली, "धोंडू, आरं सुतक हाय! शिवू नगं तिला!"

"कोण शिवतंय?" मी म्हटलं. "तिचा हात तिलाच उचलायचा हाय."

सुमन ओट्याच्या कडेला बसली. मी तिला हात टेकायला सांगितलं, पंजा बाहेर, तळवा खाली. मुठीत धरायला काही दिलं नाही, पहिल्या दिवशी नुसता पंजा पुरतो. डाव्या हातानं वर नेला. डावा काढला. उजवा पंजा टपकन खाली पडला.

"असा नाय. परत."

तिनं परत नेला. म्हाताऱ्या रडायच्या थांबून बघत होत्या.

"दुखतंय, मामा."

"दुखणार. सावकाश सोड."

ओट्यावर ऊन येईपर्यंत आम्ही तेच करत बसलो.